डाव्या हाताचा ब्रेक

त्यानं आधी सायकल पाहिली, मग बाई. प्रेमकथेची सुरुवात अशी होऊ नये हे कबूल, पण सायकली दुरुस्त करणाऱ्याची नजर आधी चाकावरच जायची, त्याला कोण काय करणार!

रविवारची सकाळ होती. घरांच्या परसदारांना खेटून तळ्याकडे जाणाऱ्या गुळगुळीत सायकलवाटेच्या कडेला ती उभी होती. हिरवी सायकल, उतरलेली चेन, आणि मनगटापर्यंत काळे झालेले हात. नाकावरही एक काळा पट्टा ओढला गेला होता, पण त्याचा तिला पत्ताच नव्हता.

"मदत करू?"

"नको नको, जमतंय मला," असं म्हणत तिनं चेन आणखीच अडकवून ठेवली. मग स्वतःच हसली. "बरं... करा."

त्यानं दोन मिनिटांत चेन बसवली.

"मिस्त्री दिसताय," ती म्हणाली.

"मामाचं सायकलींचं दुकान आहे. तुम्ही?"

"हॉस्पिटलात एक्स-रे काढते. श्वास रोखा, हलू नका, सोडा आता... दिवसभर हेच. झोपेतही बडबडते म्हणे!"

उठता उठता त्याला तिचे बूट दिसले. उजव्या बुटाचा तळ पार झिजला होता.

"ब्रेक दाबत नाही वाटतं तुम्ही? पायानंच थांबवता?"

तिनं बूट मागं ओढला. मग हळूच म्हणाली, "गेल्या वर्षी पुढच्या उतारावर पडले होते. तो मोठ्या रस्त्याखालून जातो ना, तिथं. उतारावर डावा ब्रेक दाबायचा, तो मागच्या चाकाचा, असं दादानं शिकवलेलं. तोच दाबला मी. आणि सायकलनं मला उचलून पुढं फेकलं... कॉलरबोन मोडलं. वर्षभर सायकल अडगळीत पडली होती. तीन रविवार झाले, बाहेर काढतेय. पण ब्रेकला बोट लावायची हिंमत होत नाही. माझ्यातच काहीतरी खोट आहे हो. शेंबडी पोरंसुद्धा उतरतात तिथून!"

त्यानं ब्रेकच्या तारांकडे पाहिलं. डाव्या ब्रेकची तार पुढच्या चाकाला गेली होती.

ही सायकल त्याच्याच हाताखालून गेलेली होती. वर्षापूर्वी कुणीतरी, म्हणजे तिचा दादाच असणार, ती दुकानात घेऊन आला होता, तारा बदलायला. आता गंमत अशी, की हा गडी डावखुरा. मामा तर त्याला डावऱ्याच म्हणायचा. सगळ्या दुकानात डाव्या हाताचा ब्रेक मागच्या चाकाला लागायचा, फक्त ह्याच्या स्वतःच्या सायकलीचा पुढच्या चाकाला, कारण ह्याचा जोर डाव्या हातात. त्या दिवशी हिरव्या सायकलीशेजारी ह्याची सायकल उभी होती. तिच्याकडे बघत बघत ह्यानं तारा ओवल्या, आणि जशा स्वतःला लागतात तशाच ओवल्या. बिचारी मागचं चाक थांबवायला गेली आणि पुढचं जागच्या जागी जाम झालं. खोट तिच्यात नव्हतीच. खोट त्याच्या हातात होती.

"ब्रेक जरा... बघतो हं," तो म्हणाला. पाना दोनदा निसटला. तारांची अदलाबदल करायला त्याला वीस मिनिटं लागली.

"काय झालं होतं?"

"काही नाही. जरा... ढिले होते."

झालं! खोटं बोलून मोकळा झाला. मोकळा कसला, अडकलाच.

"पुढच्या रविवारी येणार का इकडं?" तिनं विचारलं. "उतारापर्यंत कुणी सोबत असलं तर बरं वाटेल."

नाही म्हणायचं सोडून तो हो म्हणाला.

आणि मग दर रविवारी दोघं निघायला लागले. ती पुढं, तो मागं. लाकडी पूल, मग पाण्याची टाकी, मग कुत्री फिरवायला आलेले आजोबा. तिचं बोलणं काही थांबायचं नाही.

"काल एकानं एक्स-रे काढताना केस विंचरले. म्हणे, फोटो चांगला यायला हवा!"

"माझा काढला तर काय दिसेल?"

"सगळं दिसेल. लपवलेलंसुद्धा." मान वळवून ती अशी बघायची की त्याचं हँडल वाकडं जायचं. "आमच्यापासून काही लपत नाही, मिस्त्री."

ती थट्टा करायची आणि ह्याला घाम फुटायचा. उताराच्या माथ्यावर पोचले की ती एक पाय टेकवून थांबायची. खाली वाट वळण घेत अंधाऱ्या बोगद्यात शिरायची. ती खाली बघायची, मग त्याच्याकडे.

"काही म्हणताय?"

"नाही... काही नाही."

"मग चला परत."

असं सहा वेळा झालं. दर वेळी तो घरून ठरवून यायचा, आज सांगायचंच. आणि दर वेळी तिची ती मोडून सांधलेली खांद्याची बाजू दिसायची, पाण्याची बाटली उचलताना किंचित आखडणारी, आणि तो सांगणं पुढच्या रविवारावर ढकलायचा. सांगितलं तर ती जाणार. कोण थांबेल? आणि नाही सांगितलं, तर ही बाई जन्मभर स्वतःला नालायक समजत पायानं सायकल थांबवत राहणार. इकडे आड तिकडे विहीर! तिच्यावर जीव जडला होता, आणि तिच्यासमोर उभं राहायची भीती वाटत होती.

दुकानातही त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आता कुठलीही सायकल असो, मागच्या ब्रेकच्या तारेला तो पिवळी चिकटपट्टी लावायचा, तार हातानं शेवटपर्यंत चाचपायचा, चाक उचलून ब्रेक तीनदा दाबून बघायचा. मग गिऱ्हाइकालाही दाबायला लावायचा.

मामा कावला. "अरे डावऱ्या, सायकलींना काय दृष्ट लागते काय, पट्ट्या बांधत सुटलायस? एका सायकलीला तास! लोक चालत घरी पोचतील की तोवर!"

"चुकलं तर माणूस मरतं, मामा."

मामानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि चिकटपट्टीचं रीळ त्याच्याकडे सरकवलं.

सातव्या रविवारी भुरभुर पाऊस होता. येणार नाही असं वाटलं होतं, पण ती आली, केसांवर थेंबांची जाळी घेऊन. माथ्यावर पोचल्यावर मात्र तिनं पाय टेकवला नाही, नुसती थबकली.

"आज उतरते मी."

उतारावर ओली पानं पसरली होती. तारा त्यानं स्वतः सरळ केल्या होत्या, तरी त्या क्षणी वाटलं, केल्या होत्या ना? नक्की? एकदा चुकलेल्या हाताचा काय भरवसा!

"थांबा!" त्यानं तिचं हँडल धरलं. "आधी ऐका. मग जा... कुठंही जा. तुमची चूक नव्हती. तारा मी घातल्या होत्या. उलट्या. माझ्या सायकलीसारख्या... डावा ब्रेक पुढच्या चाकाला. तुमचं हाड मी मोडलं. आणि त्या दिवशी इथंच गुपचूप सरळ करून खोटं बोललो. सहा रविवार सांगायचं म्हणतोय, पण... तुम्ही गेलात तर, ह्याची भीती वाटत होती."

पाऊस पानांवर टपटपत होता. त्याला वाटलं, संपलं.

तिनं हळूच त्याची बोटं हँडलवरून सोडवली, एकेक करून. आणि सायकल उतारावर सोडली.

हिरवी सायकल वेग धरत गेली. वळणावर तिची डावी बोटं आवळली. मागचं चाक ओल्या पानांवरून जरा फरफटलं, सायकल डुगडुगली, सावरली... आणि बोगद्याच्या तोंडाशी सरळ उभी राहिली.

तो सायकल तिथंच टाकून धावत सुटला. दोनदा घसरला. खाली पोचला तेव्हा ती रडत होती आणि हसतही होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "पहिल्याच दिवसापासून. घरी जाऊन अंगणात चाक उचलून बघितलं. डावा दाबला तर मागचं थांबलं. आदल्याच रविवारी अंगणात उभ्या उभ्या दाबला, तर पुढचं थांबलं होतं. तेव्हा वाटलेलं, माझीच काहीतरी समजुतीची चूक. मग दादाला विचारलं, सायकल कुठं दिली होतीस?"

"म्हणजे... एवढे रविवार..."

"राग आला होता. असा आला होता की तुमच्या दुकानापर्यंत आले, चांगली खरडपट्टी काढायला. तर तुम्ही कुणाच्या तरी सायकलीला पिवळी पट्टी लावत होतात. आणि तो ब्रेक तीनदा दाबलात, मग चौथ्यांदा. मामा ओरडत होते. मी तशीच परत फिरले."

"मग बोलला का नाहीत?"

"मी का बोलू? चूक तुमची!" तिनं बाहीनं नाक पुसलं. "त्यानंतर उताराला नव्हते घाबरत मी, मिस्त्री. तुम्ही कधीच सांगणार नाही, ह्याला घाबरत होते. हाड सहा आठवड्यांत जुळतं हो. पण खोटं बोलणाऱ्या माणसात जीव अडकला, तर त्याचं काय करायचं?"

तो नुसता उभा राहिला, ताठ, गुडघ्याला चिखल, जसा एखादा पेशंट मशीनपुढं उभा राहतो तसा. ती जवळ आली. ओला हात त्याच्या छातीवर ठेवला, आत काय धडधडतंय ते बघत राहिली.

"कधीचा रोखून धरलायस," ती म्हणाली. "सोड आता श्वास."