तुयेच्या टाकीचा नमुना

निवृत्तीला टाकीतून वर काढलं तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. त्या दिवशी कारखान्यात कुणालाच जेवण गेलं नाही.

गोव्यातल्या तुये औद्योगिक वसाहतीतला हा कारखाना आंब्या-फणसाचा गर डब्यांत भरायचा. घाण पाणी शुद्ध करूनच नाल्यात सोडायचं, या अटीवर त्याला संमती मिळाली होती. अट पाळली जाते की नाही, हे बघणं क्षमाचं काम. प्रदूषण तपासणी कार्यालयात ती अधिकारी होती.

आधीच्या सोमवारी निवृत्ती, चंदगडकडचा हा कामगार, स्वतः तिच्या टेबलापाशी येऊन तक्रार देऊन गेला होता. टाकीत सडकं पाणी साठवतात, वास सोसवत नाही, म्हणाला. क्षमाने कागदावर 'तातडीचे' असा शेरा मारला. माणसं कमी होती. नमुने गोळा करणाऱ्या गोकुळदासने त्या आठवड्याची रजा मागितली होती. ती तिने नाकारली आणि मंगळवारी त्यालाच तुयेला पाठवलं. शुक्रवारी अहवाल आला, पाणी निर्दोष. तिने सही ठोकली. सोमवारी निवृत्ती त्याच टाकीत मेला.

मॅनेजर सुदेशचं म्हणणं, गडी प्यायलेला होता, पाय घसरला. टाकी त्याच संध्याकाळी उपसून चुन्याने धुतली गेली. तो सडक्या पाण्याच्या वायूने गुदमरला का, हे सांगणारा व्हिसेऱ्याचा अहवाल यायला महिने लागणार. म्हणजे पुरावा उरला तो क्षमाच्या सहीचा, आणि तो सुदेशच्याच कामाचा.

बुधवारी निवृत्तीची बायको रत्ना कार्यालयात आली. खुर्ची दिली तरी उभीच राहिली.

"लोक म्हणत्यात, खोटी तक्रार केली आणि दारू पिऊन पडला. आमचं मालक पीत नव्हतं, बाई. खोटं तर कधीच बोलत नव्हतं. तेवढं कागदावर लिहून द्या, गावाकडं दाखवाय."

क्षमाने तिला पाणी दिलं. मग उठून ती थेट प्रयोगशाळेतल्या फ्रीजपाशी गेली. त्या नमुन्याचं उरलेलं पाणी अजून होतं. सील फोडल्याची नोंद प्रयोगशाळेचीच, त्याआधी कुणी हात लावलेला नव्हता. पण बाटलीच्या तळाशी तांबूस गाळ बसला होता. तपासला, तर लोह निघालं. नळाचं पाणी वापरणाऱ्या फळांच्या कारखान्यात एवढं लोह यावं कुठून?

पाणी कुणीतरी बदललं होतं, आणि संशय अर्थात सुदेशवर. फौजदाराला सोबत घेऊन ती तुयेला गेली.

"नमुना घेताना तुम्ही हजर होता?"

"नाही. मी पणजीत होतो."

"निवृत्तीला टाकीत कुणी उतरवलं?"

"मी. पंप अडकला होता."

"मास्क न देता?"

"तुमचाच अहवाल होता, मॅडम. पाणी चांगलं, मग मास्क कशाक? खरं सांगू, तो वाचून माकाच नवल वाटलेलं."

ज्याने पाणी बदललं, त्याला नवल कसं वाटेल? माणूस निर्दय होता, पण इथे तो खोटं बोलत नव्हता.

फाटकावरच्या बाबुरावला मंगळवार चांगला आठवत होता. गोकुळदास अकराला आला, अनवाणी. चहा नको म्हणाला, पाणीसुद्धा नको. दहा मिनिटांत नाकाला रुमाल लावून बाहेर पडला. कार्यालय तिथून पाऊण तासावर, आणि नमुना जमा झाल्याची वेळ होती तीन.

परत आल्यावर क्षमाने शिरगावच्या विहिरींची फाईल काढली. लोखंडाच्या खाणींमुळे त्या विहिरींचं पाणी दर महिन्याला तपासलं जायचं. एका विहिरीचे आकडे बाटलीतल्या पाण्याशी तंतोतंत जुळले. मालकाचं नाव तिने दोनदा वाचलं आणि तिला रडू आलं. ज्या पाण्याचा नमुना, त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळायची, मग भरायची, हे ज्याने तिला हात धरून शिकवलं, त्याचंच ते नाव होतं. उभ्या नोकरीत त्याने कुठल्या कारखान्याची साधी डायरी घेतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने रत्नाला, सुदेशला, गोकुळदासला बोलावलं. फौजदार जबाब लिहायला बसला.

"नमुना सील लागायच्या आधीच बदलला गेला," क्षमा म्हणाली. "बाटलीत टाकीचं पाणी नव्हतंच. ते शिरगावच्या एका विहिरीचं होतं. पैसे खाऊन हे झालेलं नाही. सुदेशना तर अहवालाचं नवल वाटलं. मग ज्याने केलं, त्याने का केलं? तो अनवाणी होता. बाहेरचं पाणी घेत नव्हता. वैशाखात त्याने रजा मागितली होती, आणि गेल्या शनिवारी शिरगावच्या लईराई देवीची जत्रा होती. गोकुळदासबाब, तुम्ही धोंड, देवीच्या जत्रेत निखाऱ्यांवरून चालणारे व्रतकरी. जत्रेआधी तुमचं सोवळं असतं, घाणीला हात लावलेला चालत नाही."

गोकुळदासने मान वर केली नाही.

"बत्तीस वर्सां व्रत केलां. बापायनूय केल्लें. माका त्या उदकाक हात लावपाक जमलें ना, बाय. घरा गेलों, घरच्या बांयचें, विहिरीचें उदक भरलें. म्हटलें, जत्रा जातकच खरो नमुनो हाडून दितां. अहवालाक आठ दीस लागतात."

"एरवी लागतात. मी तातडीचा शेरा मारला होता, म्हणून तीन दिवसांत आला," क्षमा म्हणाली. "रजाही मीच नाकारली. कशाला हवी, एवढंसुद्धा विचारलं नाही. फौजदारसाहेब, माझं नाव लिहा. सुदेशनी त्याला विनामास्क उतरवलं ते लिहा. आणि सगळ्यांत आधी लिहा, निवृत्तीची तक्रार खरी होती."

सुदेश काहीतरी बोलायला गेला, फौजदाराने त्याला हातानेच गप्प केलं. लिहून झालेला कागद क्षमाने रत्नाला वाचून दाखवला. रत्नाने तो घेतला, घडी घातली आणि ती गोकुळदाससमोर जाऊन उभी राहिली.

"तुमाला वास आला हुता?"

"आयिल्लो."

"मग तेवढं आमच्या मालकास्नी सांगायचं हुतं," रत्ना म्हणाली. "अहवाल आल्यापास्नं म्हणायचे, रत्ना, माझंच नाक बिघडलं असंल. त्या भरवशावर उतरले."