लॅपटॉपचा पंखा गप्प झाला तेव्हा

दार वाजलं तेव्हा तिच्या लॅपटॉपचा पंखा नुसता घोंघावत होता. दारात शेजारचा नवा भाडेकरू उभा. गळ्यात हेडफोन, चेहऱ्यावर कमालीची सभ्यता.

"तुमच्याकडे... मिक्सर चालू आहे का? बराच वेळ झाला, म्हणून विचारलं."

"मिक्सर नाही, लॅपटॉप आहे. बिल्ड चाललंय. म्हणजे मी लिहिलेला सगळा प्रोग्राम तो नव्याने बांधतोय."

"बांधतोय? मला वाटलं, पाडतोय."

ती हसली. हसायचं नव्हतं खरं तर, पण हसली.

तो पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायचा, आणि मधली भिंत अशी पातळ की त्याच्या प्रत्येक वाक्यामागे तिच्या पंख्याची घरघर उमटायची. मग दोघांत ठरलं. मोठं बिल्ड लावायच्या आधी तिने भिंतीवर टकटक करायची, त्याने माइक बंद करून इकडे यायचं. लॅपटॉप दोन पालथ्या वाट्यांवर धापा टाकत पडायचा, आणि ही दोघं खिडकीशी चहा पीत बसायची.

"हात लावून बघ, तापलाय केवढा," ती म्हणायची. अहो-जाहो कधीच मागे पडलं होतं.

"डॉक्टरला दाखव ना त्याला."

"ऑफिस नवा द्यायला तयार आहे. मीच नको म्हटलंय."

"का?"

"असंच..." तिने कपात बघितलं. त्याचे कान लाल झाले होते.

ताईला हे फोनवर कळलं तेव्हा ती म्हणाली, "फुकटचा नवा लॅपटॉप नाकारणारी तू पहिलीच. वेड लागलंय तुला, दुसरं काही नाही."

लागलंच होतं. पण नाकारून नाकारून किती नाकारणार? एका दुपारी ऐन बिल्डमध्ये जुना लॅपटॉप तापून जो बंद पडला, तो पडलाच. ऑफिसने नवा पाठवला. देखणा, गार आणि मुका. कितीही काम द्या, हूं की चूं नाही.

आवाज नाही, तर टकटक कशाला? आणि टकटक नाही, तर तो कशाला येईल? आठवडा गेला. तिने मुद्दाम आधीचं बांधलेलं सगळं पुसून बिल्ड पहिल्यापासून लावलं, जोडीला प्रोग्रामच्या सगळ्या चाचण्याही चालवल्या. पंखा जरासा कुजबुजला नि गप्प झाला. तिला रडूच यायला लागलं. शेवटी बाईसाहेबांनी लाज गुंडाळून ठेवली आणि पहिल्यांदाच त्याचं दार वाजवलं.

"कामात होतास?"

"छे. सकाळपासून एकच पान वाचतोय. जमतच नाहीये... इतकी शांतता आहे."

"मग आला का नाहीस?"

"तू टकटक केली नाहीस. म्हटलं, आता तुझं काम सुरळीत चाललंय, उगाच कशाला त्रास द्यायचा."

"दे ना त्रास," ती म्हणाली, आणि मग तिला थांबवेना. "मला तू आवडतोस. तुझ्यासाठीच ते जुनं धूड धरून ठेवलं होतं मी. आता बोलवायला काही कारणच उरलं नाही... म्हणून सरळ सांगतेय."

गळ्यातला हेडफोन काढून त्याने खुंटीला अडकवला आणि चपला पायात सरकवल्या.

"चल."

"कुठे?"

"तुझ्याकडे. आज मी दिवसभर त्रास देणार आहे."