कधीच उघडं नसलेलं दार

दुपारी तीनच्या सुमारास मिस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन इस्पितळाच्या दाराशी आला. काचेच्या चार पात्यांचं हे फिरतं दार त्यानंच निवडलं होतं. थंडीत आतली ऊब टिकावी, इंधन वाचावं म्हणून मोठ्या डॉक्टरांनी त्याचा सल्ला घेतला, तेव्हा तो म्हणाला होता, "डोळे झाकून हे घ्या. माणसं ये-जा करतील, पण दार उघडं असं कधी नसतंच. एक फुंकरही बाहेर जायची नाही."

आठ दिवसांपूर्वी त्याची बायको इथंच वरच्या मजल्यावर वारली. तो पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तिची जन्मभराची एक खोड होती. कुठंही निघायचं झालं की ती आधी उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहायची. "आटपा हो. तुम्हाला घेतल्याशिवाय मी हलायची नाही."

"बरं झालं आलात काका," दारवान म्हणाला. "आत येताना दार हलकं, पण बाहेर जाताना असं जड... जशी आत गर्दी कोंबलीय."

"तुझं पोट वाढलंय, दुसरं काय!" म्हणत मिस्त्री आत गेला, बाहेर यायला पुन्हा कप्प्यात शिरला आणि त्यानं पातं रेटलं.

दार अर्ध्यावर अडलं. पुढं काच, मागं काच. बाहेरचा रस्ता एकदम मुका झाला. औषधांच्या वासाखालून तिच्या केसांच्या तेलाचा वास आला.

मागचा कप्पा रिकामा होता. तरी त्याच्या काचेवर, मिस्त्रीच्या छातीच्या उंचीवर, वाफेचा एक गोल उमटला. विरला. पुन्हा उमटला. ती तेवढ्याच उंचीची होती. मग दुसरा गोल, गुडघ्याएवढ्या उंचीवर. मग आणखी... आणखी.

एक फुंकरही बाहेर जायची नाही.

त्यानं वरची खिटी ओढली आणि पाती दुमडली. आतून बाहेर वारा सुटला. किती तरी वेळ तो जातच राहिला. दारवानाची टोपी रस्त्यावर उडाली. सगळे गोल पुसले गेले, छातीच्या उंचीचा तेवढा राहिला.

"अगं... जा," तो हळूच म्हणाला. "माझं मी बघेन. तू नीघ आता."

गोल सावकाश विरला.

डोळे पुसून त्यानं पाती पुन्हा जागेवर बसवली. दारवान दोनदा फिरून आला. "काका, एका बोटानं फिरतंय की!"

मिस्त्रीनं पिशवी उचलली आणि घरी जायला कप्प्यात पाऊल टाकलं. अर्ध्यावर दार थांबलं.

थंडीत काचेवर वाफ धरते ती आतल्या बाजूनं. उभ्या हयातीत त्यानं दुसरं पाहिलं नव्हतं. समोरच्या काचेवरचा हा गोल रस्त्याच्या बाजूनं होता, छातीच्या उंचीवर. त्यानं आतून बोट फिरवलं. पुसला गेला नाही.

"दारवान... तू ढकलतोयस का?"

"नाही हो काका. मी तर आत आहे."

दार हळूहळू बाहेरच्या दिशेनं फिरू लागलं. मिस्त्रीनं दोन्ही पाय घट्ट रोवले.