करंगळीपुरता हात

त्याने कोट अंगात चढवला, खिशात हात घालायला गेला आणि हात बाहेरच राहिला. खिसा शिवलेला!

आता रफूवालीच्या हातून असं व्हावं, म्हणजे बघा! वडिलांमागे दुकान तिनेच सांभाळलं. तिने केलेला रफू उजेडात धरला तरी दिसायचा नाही. आणि आज वरच्या कापडाबरोबर तिने खिशाचं अस्तरही शिवून टाकलं होतं. सुई कुठवर गेली, ते बोटांना कळलंच नव्हतं.

ती शरमेने अर्धमेली झाली. "द्या, उसवून देते..." म्हणत तिने हात झटकला. पुन्हा झटकला.

"झोपेतूनही अशाच हात झटकत उठता ना?" त्याने विचारलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

भिंती रंगवणारा माणूस तो. त्याने तळवा पुढे केला. मनगटापाशी एक बारीक पांढरी रेघ होती. "ब्रश धरून धरून माझीही नस अशीच दाबली गेली होती. आधी इंजेक्शन, पुढे ऑपरेशन. दाखवून या, हयगय नको."

"आणि खिसा?"

"राहू द्या. परत यायला काहीतरी कारण नको का?"

तिला हसू आलं... आणि पाठोपाठ रडूही.

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊ. सूज उतरेल, बोटं बहुतेक मोकळी होतील. पण कायमचा गुण येईलच, असं नाही सांगत."

"हातच गेला तर मी करू काय?" बाहेर बाकावर ती सोबत आलेल्या त्याला म्हणाली. "दुसरं काही येत नाही हो मला."

खोटा धीर देणं त्याला जमलं नाही. तो एवढंच म्हणाला, "दिवसभर सुई हातात, आणि सुईला घाबरता?"

"ती मी टोचते. ही मला टोचणार!"

इंजेक्शन घेऊन ती बाहेर आली तेव्हा त्याने तिचा हात हलकेच हातात घेतला. "कळतंय काही?"

"नाही..." मग खाली बघत, "करंगळीला तेवढं कळतंय. ती सुटलीय या दुखण्यातून."

त्याने बाकीची बोटं सोडली आणि करंगळी धरली.

मग तो रोज काम आटोपून येऊ लागला, नखांत रंग घेऊन. करंगळी धरून बसायचा. बोटं मात्र तशीच बधिर. वडिलांचं दुकान बंद करावं लागणार, या धास्तीने तिला अन्न गोड लागेना.

आणि एका दुपारी सुई बोटात घुसली. "आई गं!" ती किंचाळली. रक्ताच्या थेंबाकडे बघत हमसून हमसून रडली.

तो आला तेव्हा तिने कोट मागून घेतला आणि खिशाचा टाका न् टाका उसवला.

"संपलं म्हणजे," तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला. "आता यायला कारण नाही..."

"आणि पुन्हा बधिर झाली बोटं तर?"

"तर करंगळी आहेच की." त्याने सवयीने ती धरली.

तिने ती सोडवून घेतली. त्याचा चेहरा उतरला. तशी तिने सगळा पंजाच त्याच्या तळव्यावर ठेवला.

"करंगळी नको," ती म्हणाली. "आज सगळा हात धर. सगळा कळतोय."