गंजके हात

मार्लिझ घसरली ती नेमकी सार्बेल घड्याळ कारखान्याच्या फाटकासमोर. नोव्हेंबरची सकाळ, गुडघाभर धुकं, रस्त्यावर बर्फाचा गुळगुळीत थर… आणि समोरचा उंच तरुण काय करतो, तर हात द्यायचा सोडून छत्रीची मूठ पुढे करतो!

"धरा."

"छत्री?" तिनं बसल्या जागेवरून विचारलं. "हात काय भाड्यानं दिलेत कुणाला?"

तो कानापर्यंत लाल झाला. दुसरा हात मात्र खिशातच राहिला. "छत्री मजबूत आहे," तो पुटपुटला. "तुम्ही युगेतबाईंच्या लेक, मार्लिझ ना? तुमच्याकडेच निघालो होतो मी. मी रेनाल… रेनाल फ्र्वादव्हो."

ते आडनाव ऐकलं आणि तिचं हसू मावळलं.

मावळणारच की! याच्या आजोबांनी सार्बेल उभी केली. एके काळी वैमानिक विमानात बसण्याआधी मनगटावरचं सार्बेल कानाला लावून बघायचे. मग बॅटरीची स्वस्त घड्याळं आली, आणि याच्या बापानं एका शुक्रवारी एकशे बारा माणसांना घरी पाठवलं. त्यांत मार्लिझची आई होती. केसापेक्षा बारीक स्प्रिंग चिमट्यानं वळवून घड्याळाची चाल बसवणारी, अख्ख्या खोऱ्यात नावाजलेली बाई. त्या दिवशी तिनं भिंग कपाटात टाकलं आणि मरेपर्यंत मनगटाला घड्याळ बांधलं नाही.

"अठरा वर्षांनी काय आठवण झाली आमची?" मार्लिझनं विचारलं.

बापानं विकलेलं सार्बेलचं नाव त्यानं परत विकत घेतलं होतं. वरच्या मजल्यावरची एक खोली, तीन टेबलं. डोंगरात अडकलेल्यांना हेलिकॉप्टरनं सोडवून आणणारे वैमानिक पाच घड्याळं हिवाळाभर मनगटावर वापरून बघायला तयार होते. पाचही नीट चालली तर चाळीसांची ऑर्डर. नाही तर मे महिन्यात खोलीला कुलूप, आणि या वेळी कायमचं.

"स्प्रिंग बसवणारं कुणी उरलं नाही," तो म्हणाला. "आईनं तुम्हाला लहानपणीच शिकवलंय, असं आमचे जुने कारागीर ओरेलबाबा म्हणाले."

बिएन शहरातल्या मोठ्या घड्याळ कारखान्यातली पक्की नोकरी सोडून मार्लिझ आली. का आली, ते तिचं तिलाच ठाऊक. आईसाठी, असं ती म्हणायची.

रेनाल रोज तिच्या टेबलाशी उभा राहायचा, तासन्‌तास. पण हात खिशात! सगळं गाव सकाळी एकमेकांचे हात हातात घेतं. हा नुसती मान हलवायचा. शेवटी एकदा तिनं विचारलंच, "मालक, खिशात सोनं सांभाळताय की काय?"

त्यानं एक कोरी पोलादी सुई उचलली, मुठीत घट्ट धरली आणि कागदावर ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी सुईवर तपकिरी ठिपके होते.

"माझ्या घामानं पोलाद गंजतं," तो म्हणाला. "घड्याळाच्या शाळेतून तिसऱ्या महिन्यात घरी पाठवलं मला. बोटांना रबरी टोप्या घालून बघितलं… पण मग बोटांना काही कळतच नाही."

खिडकीत बसलेले म्हातारे ओरेलबाबा भिंगातून डोळा न काढता म्हणाले, "आमच्याकडे याला गंजके हात म्हणतात, पोरी. घड्याळजीच्या घरात असं पोर जन्मावं… काय म्हणावं!"

मार्लिझला त्याची विलक्षण माया आली. आणि खरं सांगायचं तर, नुसती माया नव्हती ती.

डिसेंबरात पाचही घड्याळं वैमानिकांकडे गेली. तोवर 'तुम्ही' जाऊन 'तू' आलं होतं. एवढंच. तो तिच्यासाठी दुपारी कॉफी आणायचा, टेबलावर ठेवायचा आणि तिचा हात कपापासून दूर असेल तेव्हाच बोटं सोडायचा.

मार्चमधल्या एका शनिवारी उर्सिना नावाची वैमानिक बाई जिना चढून आली. बंद पडलेलं घड्याळ तिनं मार्लिझसमोर ठेवलं.

"बाकीची चार उत्तम चालतात. हे मंगळवारी हवेत थांबलं. उरलेल्या इंधनाचा वेळ मी यावर मोजत होते. शेजारी दुसरा वैमानिक होता, म्हणून परत आलो."

मार्लिझनं पाठ उघडली, भिंग लावलं. एका चिमुकल्या स्क्रूचं डोकं तपकिरी पडलं होतं. गंजाचा एक कण सुटून चाकाच्या दातात अडकला होता. तिला कागदावरची ती सुई आठवली.

"पाणी गेलं असेल का?" उर्सिनानं विचारलं. "मागच्या महिन्यात मी बर्फात पडले होते. तसं असेल तर चूक माझी, तुमच्या घड्याळाला बोल नाही."

एवढं एक 'हो' पुरे होतं. खोली वाचली असती, चाळीस घड्याळं मिळाली असती. मार्लिझनं रेनालकडे पाहिलं. 'तूच बोल,' ती मनात म्हणत होती, 'मी तुझ्या वतीनं खोटं बोलणार नाही, आणि खरंही नाही…'

रेनालचा चेहरा पांढरा पडला होता.

"पाणी नाही," तो म्हणाला. "मी. तो स्क्रू मी बसवला."

ओरेलबाबांच्या हातातला चिमटा खाली पडला.

"मार्लिझ जेवायला गेली होती. खुर्ची अजून गरम होती तिची… मी बसलो. आयुष्यात एकदा तरी, एक तरी स्क्रू… तिच्या जागेवर बसून. चूक माझी आहे. यांच्या कामात खोट नाही."

उर्सिना घड्याळाकडे बोट करून म्हणाली, "ऑर्डर आज देता येणार नाही. वर माणसं लटकलेली असतात हो, दोरीला. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा पाच द्या. मी घालेन." आणि ती गेली.

ओरेलबाबांनी टोपी घातली. "पुढच्या हिवाळ्यापर्यंत मी मरत नाही, जा," असं दारातून बजावून तेही उतरले.

"तू बिएनला परत जा," रेनाल म्हणाला. "मेमध्ये कुलूप नाही लावणार मी, पण वर्षभर इथं पगार मिळणार नाही. माझ्या बापानं तुझ्या आईचं जे केलं, तेच मी तुझं—"

"गप्प बस. तुझ्या बापानं शुक्रवारी चिठ्ठी पाठवली होती. तू तोंडावर सांगितलंस." मार्लिझ उठून उभी राहिली. "मी आईसाठी आले होते, रेनाल. राहतेय ती तुझ्यासाठी. कळतंय का काही?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं टेबलावर कापड टाकलं, भिंग उतरवलं आणि त्याच्या खिशात हात घालून त्याचा हात बाहेर काढला. ओला, गार.

"अगं, सोड… तुझी बोटं… सोमवारी काम आहे!"

"सोमवारला दोन दिवस आहेत," मार्लिझ म्हणाली. "आणि गावात साबण मिळतो."