नाव न घेतलेला घास

"लाइट गेलेत तर जाऊ देत, तो फ्लॅशलाइट बंद कर आधी!" अमेरिकेतल्या रेडमंड गावी, घराच्या बेसमेंटमध्ये दिगंबरकाका पोरांवर खेकसले. "ऐका. आपल्या उल्हासच्या बाबतीत घडलेलं आहे. खोटं वाटलं तर घरी जा.

चौऱ्याऐंशी साल, चोवीस सप्टेंबर, सोमवार. सर्वपित्री अमावास्या. उल्हास अलास्काच्या पार वर, एका चिमुकल्या बेटावर किनाऱ्याची मोजणी करत होता. झाड नाही, झुडूप नाही. जोडीदाराची दाढ सुजली, म्हणून त्याला आदल्या दिवशी विमानानं नेलेलं. हा उरला एकटा.

शंभर वर्षांपूर्वी तिथं नकाशा काढायला आलेलं जहाज बर्फात अडकलं. माणसं चालत निघाली. एकाचा पाय सडला होता. 'तुला न्यायला येतो,' म्हणाले आणि गेले ते गेलेच. तिथं आता त्याच्या हाडांवर कुणीतरी रचलेली नुसती दगडांची रास आहे.

उल्हासचे बाबा मार्चमध्ये वारले. हा नागपूरला पोचेतो राख झाली होती. ते त्याला फार लागलं होतं. निदान घास तरी पोचावा म्हणून त्यानं खिचडी केली, ताटली त्या राशीवर ठेवली. पण कावळा कुठला?"

"व्हाय अ क्रो, काका?" शरयूनं विचारलं.

"अगं, कावळा शिवला की गेलेलं माणूस जेवलं. नाही शिवला तर त्याची राहिलेली इच्छा पुरी करायचा शब्द द्यायचा. अंधार पडेपर्यंत वाट बघून हा रडायलाच लागला. म्हणाला, 'काय इच्छा राहिली असेल ती पुरी करतो. घरी नेतो. पण जेवा हो!' रडण्याच्या भरात नाव घ्यायचंच राहिलं.

रात्री साडेदहा. तंबूत पडला होता. वारा थांबला. बाहेर खरवडल्याचा आवाज. थांबला. पुन्हा...

'बाबा?'

...

सकाळी ताटली नव्हती. कोल्ह्यानं नेली असेल, असं त्यानं मनाला समजावलं. दुपारी विमान उतरलं. पायलट वैतागलेला. 'मला एकच माणूस सांगितला होता. वरून दोघं दिसले. दुसरा कुठाय?'

उल्हास सामान उचलून विमानात बसला.

इथं घरी येऊन त्यानं ट्रंक उघडली. वरच ती ताटली. लख्ख पुसलेली. आणि तिच्यात एक जुनाट, गंजलेला चमचा...

उल्हासचे बाबा जन्मभर हातानं जेवले, पोरांनो."