शेऱ्याचा रकाना

दिशा ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर दाखले काढत बसली होती, तेवढ्यात दारात एक उंच, सावळा गडी येऊन उभा राहिला. कपाळावर ताजं टेंगूळ, हातात मोबाइल.

"मॅडम, तुमच्या साइटवर आमच्या दारात सोलरचा दिवा हाये."

"मग चांगलंय की."

"त्याच्याच उजेडात काल पाण्याच्या टाकीवर आपटलो."

दिशानं हसू दाबलं, तर ते नाकातून बाहेर आलं.

हा गोकुळ. विहिरीच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं त्याचं. घर मळ्यातल्या वस्तीवर, चारी बाजूंनी ऊस, आणि उसात बिबट्याची मादी पिल्लं घेऊन राहिलेली. दिवेलागणीनंतर वस्तीवरच्या बाया एकेकट्या बाहेर पडत नव्हत्या. दिवा म्हणजे तिथं चैन नव्हती.

"दिवे चौदा आले, चौदा लागले," दिशा म्हणाली. "कुठं लागले ते बघायला मलाबी उद्या हिंडायचंय. वरून पत्रक आलंय. प्रत्येक खांबाचा मोबाइलवर फोटो काढायचा, आन् उंची कळावी म्हणून खांबाशेजारी माणूस उभा करायचा. आता माणूस कुठनं आणू?"

"मी काय खेचर हाये?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाले. दुसऱ्याच खांबापाशी गोकुळची मोटारसायकल बंद पडली. जगाच्या मोटारी चालू करणारा गडी, अर्धा तास किका मारून घामाघूम झाला. शेवटी तो तिच्या स्कूटीवर मागं बसला... दोन्ही हात स्वतःच्या गुडघ्यांवर, शाळेतल्या ग्रुप फोटोत बसतात तसा.

"पडाल," ती म्हणाली. "धरा कशाला तरी."

"धरलंय की."

"काय?"

"धीर."

थंडी मस्त पडली होती. उसाला तुरे आले होते, कांद्याच्या लागणीत बाया वाकलेल्या होत्या आणि स्कूटी गेली की एकेक करून सरळ होत होत्या. दिशानं आरसा जरा फिरवला. मागचा रस्ता दिसावा म्हणून. रस्ता काही दिसला नाही.

ॲपमध्ये फोटोखाली शेवटचा एक रकाना होता — शेरा. पाच शब्द भरल्याशिवाय ॲप पुढं सरकायचं नाही. पहिल्या तीन खांबांना तिनं शहाण्यासारखं 'दिवा चालू आहे, खांब सरळ आहे' असं लिहिलं. मग कंटाळली. दोन वर्षं नोकरी केली, तिचं लिहिलेलं आजवर कुणी वाचलं नव्हतं. शेरा कोण वाचणार?

खांब चार : 'खांब सरळ. माणूस त्याहून ताठ.'

खांब सात : 'हसा म्हटलं तर लाजला की.'

खांब नऊ : 'पाटात पडला. चिखलातसुद्धा बरा दिसतो.'

यादीत मळ्यातल्या वस्तीवर दाखवलेला बारावा खांब गेणभाऊंच्या पोल्ट्रीपुढं निघाला. गेणभाऊ म्हणजे सरपंचबाईंचे मालक. सही बाईंची, बाकी सगळं यांचं. दिशानं फोटो काढला आणि जरा वेळ दिव्याकडं बघत राहिली. मग लिहिलं : 'दिवा मळ्यातल्या वस्तीचा, उजेडात कोंबड्या.'

चौदाव्या खांबाला ऊन कलायला लागलं होतं. गोकुळ म्हणाला, "झालं... संपले?" तीही म्हणाली, "संपले." आणि शेऱ्यात टाकलं : 'चौदाच का दिले? अजून हवे होते.'

संध्याकाळी तिनं सगळं वर पाठवलं. सकाळी ते साइटवर होतं. शेऱ्यांसकट.

ज्यांनी जन्मात ग्रामपंचायतीचं दप्तर पाहिलं नव्हतं, ते लोक चहाच्या टपरीवर खांबवार वाचन करायला लागले. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी 'वा' म्हणायचं. पारदर्शक कारभार म्हणतात तो हाच, अशी गावाची खात्रीच पटली.

दिशा चार दिवस ओढणीत तोंड घालून ऑफिसला गेली. पाचव्या दिवशी गोकुळ वाटेत आडवा आला.

"मॅडम, सातव्या खांबाला मी लाजलो नव्हतो. डोळ्यावर ऊन व्हतं."

"तुमी... वाचलंत?"

"वाचायचं काय त्यात? पाठ हाये."

तिला स्कूटी चालू करता येईना. चावी लावायचीच राहिली होती.

आठवड्यानं ग्रामसभा भरली. गेणभाऊ तावातावानं उठले. "या शेऱ्यांनी गावाची अब्रू गेली! सगळी नोंद रद्द करा, फोटोसकट. आन् या पोरीला घरी बसवा."

फोटोसकट कशासाठी, हे सगळ्यांना कळलं.

ग्रामसेवक भाऊसाहेब दिशाकडं वाकले. "चुकून टाइप झालं म्हण. नोंद रद्द होईल, तुझी नोकरी राहील. कर सही."

समोर तिचे वडील, म्हस्कूआबा, काठीवर हनुवटी टेकून बसले होते. शेरे साइटवर आल्यापासून घरात तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

तेवढ्यात मागनं गोकुळ उठला. "भाऊसाहेब, करा रद्द. दिव्याचं माझं मी बघीन. पण मॅडमना घरी बसवू नका. तक्रार मीच केली, हिंडवलंबी मीच."

दिशानं पेन हातात घेतलं होतं, ते खाली ठेवलं.

"न्हाई," ती म्हणाली. आवाज बारीक आला, म्हणून परत म्हणाली, "न्हाई! नोंद खोटी असली तर रद्द करत्यात. बारावा खांब कोंबड्यांपुढं हाये का न्हाई, चला, समदे बघून येऊ. ते खरंय. आन्..." ती अडखळली. "बाकीचे शेरेबी खरेच हायेत."

मग पुढं बसलेल्या गोजरबाईनं, कान नीट पुढं करून, विचारलं, "चौदावाबी?"

"चौदावा तर, आजी... लईच."

सभा अशी हसली की गेणभाऊंना खाली बसावं लागलं. आणि एकदा हसलेल्या लोकांना मग धीर आला. "दिवा हलवा!" मागनं कुणी तरी ओरडलं. "कोंबड्या तशाबी सांजंलाच झोपत्यात!"

भाऊसाहेबांनी टेबल वाजवलं. "ठराव लिहायचा तर रीतसर. नोंद आहे तशी कायम, बारावा खांब मळ्यात हलवावा. सूचक कोण?"

"मी," गोकुळ म्हणाला.

"अनुमोदक?"

ओरडणं वेगळं आणि गेणभाऊंसमोर कागदावर नाव लावणं वेगळं. माणसं आपापल्या चपला बघायला लागली.

तेव्हा एक काठी हळूहळू वर गेली.

भाऊसाहेब गोंधळले. "आबा, तुमचं अनुमोदन नुसतं दिव्याला का... त्या शेऱ्यांनाबी?"

"लिवा. समद्याला." आबा उठले, धोतर झटकलं आणि गोकुळकडं न बघताच म्हणाले, "आन् त्या सूचकाला सांगा, रविवारी घरची मान्सं घिऊन ये म्हणावं."

सभेचं इतिवृत्त टाइप करायचं काम दिशाचंच होतं. सगळा ठराव तिनं बिनचूक लिहिला. अनुमोदकापाशी आली आणि अक्षरं चुकायला लागली. आपल्याच बापाचं नाव तिला तीनदा खोडावं लागलं.